पाणी आत आलं की आधी दार: पाणबुडीवाल्यांच्या आठवणी गोळा करण्याचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सात निवृत्त पाणबुडी सैनिकांच्या आठवणींची पुस्तिका मार्च 2025 मध्ये छापून झाली. 96 पानं, 200 प्रती. विक्रीला नाही, त्यामुळे ही जाहिरात समजू नका. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारी. समुद्राशी माझी ओळख मालवणात गुडघाभर पाण्यात उभं राहण्यापुरती. काम हातात घेतलं तेव्हा सुरुवात कुठून करायची, परवानगी कुणाची लागते, काय लिहिलेलं चालतं, यातलं काहीच कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. आपल्याकडं गावागावात फौजी आहेत. कुणाच्या ना कुणाच्या मनात हे काम असणारच, म्हणून घडलं तसं लिहिते.

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनाचा सोहळा सिंधुदुर्गात झाला. पंतप्रधान आले होते, टीव्हीवर दिवसभर तेच. आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, 1973 ला नेव्हीत गेले आणि पुढं पाणबुडीत इंजिन मेकॅनिक होते. तारकर्लीच्या किनाऱ्यावरची प्रात्यक्षिकं बघत ते गप्प बसले होते. नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठल्या जहाजावर होता?" तर म्हणाले, "आम्ही वर नव्हतोच बाळा, आम्ही खाली." एवढंच. लग्न होऊन वीस वर्षं मी या घरात आहे, आणि त्या 'खाली'बद्दल मला चार वाक्यांपलीकडं काही ठाऊक नव्हतं.

चारच दिवसांनी, 8 डिसेंबरला, आण्णांचा फोन सकाळपासून वाजत होता. तो पाणबुडी दिन. 1967 साली याच तारखेला सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी नौदलात आली. ही म्हातारी मंडळी त्या दिवशी एकमेकांना न चुकता फोन करतात. मी संध्याकाळी वही घेऊन बसले आणि कोण कुठल्या गावचा, कुठल्या कामाचा ते लिहून घेतलं. कागलचा सोनारवाला (सोनार म्हणजे पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र), गडहिंग्लजकडचा बॅटरीवाला, कुरुंदवाडचे सगळ्यात ज्येष्ठ दादा, राजारामपुरीतला टॉर्पेडोवाला (टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून सोडायचं अस्त्र). पहिली यादी अशी घरातच तयार झाली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. सरकारी कार्यालयात नंतर जा.

नंतर गेलेच. जानेवारीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात साधा अर्ज दिला. वाटलं होतं, पाणबुडीत काम केलेल्यांची यादी मिळेल. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की माजी सैनिकांचे पत्ते आणि नंबर बाहेरच्या माणसाला देता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग अर्ज बदलला: यादी नको, माझं निवेदन सूचना फलकावर लावा, ज्यांना बोलायचंय ते मला फोन करतील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. ही सवय ठेवा, पुढं विचारपूस करताना नुसतं "मी अर्ज दिला होता" म्हणून भागत नाही. निवेदनाखाली आण्णांची रँक आणि 'माजी सैनिक' असं लिहिल्यावर लोकांना भरवसा वाटला. फेब्रुवारी संपेपर्यंत दोन फोन आले. तिसरा फोन एका बाईंचा होता. त्यांचे यजमान पाणबुडीत होते, आता हयात नाहीत. त्यांच्याबद्दल पुढं सांगते.

रेकॉर्डिंगसाठी फोनच वापरला. कॉलर माइक बाराशे रुपयांना घेतला. एक फोन माइकला आणि दुसरा नुसताच टेबलावर ठेवायचा, कारण एखाद्यात काहीतरी बिघडतंच. पंखा बंद करावा लागतो. एप्रिलच्या उन्हात हे सांगताना जीवावर येतं, पण छताच्या पंख्याची घरघर नंतर कुठल्याच ॲपनं निघत नाही. इंजिन रूममध्ये नोकरी झालेल्यांना बहुतेक कमी ऐकू येतं. कुठला कान बरा आहे ते आधी त्यांच्या घरच्यांना विचारून त्या बाजूला बसायचं.

पहिल्या दोन बैठका वाया गेल्यासारख्याच झाल्या. "ट्रेनिंग कडक असायचं", "शिस्त होती", "देशसेवेचं समाधान आहे". सत्कार समारंभात बोलतात तसं. मी विचारत होते, "भीती वाटायची का?" आणि उत्तर ठरलेलं, "छे, भीती कसली." मला वाटलं, यातून पुस्तिका काय, दोन पानंही निघायची नाहीत.

मग एकदा उसाला पाणी सोडलं असताना आमच्या शेतातली पाइपलाइन फुटली. सांध्याजवळ चीर गेली होती आणि पाणी डोक्याच्या वर उडत होतं. गडी मोटर बंद करायला पळाला. आण्णा म्हणाले, "राहू दे चालू." सायकलची जुनी ट्यूब घेतली, उभी कापून पट्टी केली, आणि चिरेवर सरळ न लावता वीतभर अलीकडं, कोरड्या जागेवर पहिला वेढा दिला. मग ओढून ओढून एकावर एक अर्धा चढवत चिरेच्या दिशेनं सरकले. तोंडावर पाणी बसत होतं, डोळे मिटलेले, हात चाललेले. वेढे पलीकडच्या कोरड्या जागेपर्यंत गेले तेव्हा नुसतं ठिबकत होतं. वर तार आवळली. तोंड पुसत म्हणाले, "सातवाहनात हेच करून घ्यायचे. फक्त तिथं अंधार असायचा आणि मोटर बंद करायची सोय नसायची."

सातवाहन म्हणजे त्यांचं प्रशिक्षण केंद्र. मी तिथंच बांधावर फोन काढला. त्या दुपारी जे बोलले ते पुस्तिकेचं पहिलं प्रकरण आहे.

त्यानंतर मी प्रश्न विचारायचं जवळजवळ सोडूनच दिलं. जाताना पिशवीत लाकडी पाचर, हातोडी, दोरी, खडू न्यायचे. पाचर हातात दिली की माणूस बोलायला लागतो. राजारामपुरीतले काका निवृत्तीनंतर उद्यमनगरात लेथवर काम करायचे. त्यांनी पाचर उलटसुलट बघून बाजूलाच ठेवली. म्हणाले, "हे सागवान. हे उपयोगाचं नाही. मऊ लाकूड पाहिजे. मऊ लाकूड पाणी पितं, फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. कडक लाकूड जसंच्या तसं राहतं आणि दाबानं परत बाहेर येतं. वर कॅनव्हासचा तुकडा गुंडाळायचा, म्हणजे पकडतं." मग खडूनं फरशीवर टेकू काढून दाखवला. फुटलेल्या जागी फळी, फळीवर आडवा लाकडी खांब, त्याचं दुसरं टोक समोरच्या भक्कम लोखंडावर. खांब मापापेक्षा अर्धा इंच कमी कापायचा, कारण उरलेली फट पाचरांनी भरायची असते. दोन्ही बाजूंनी दोन पाचरा, समोरासमोर, सारख्या ठोकत जायचं. मापाइतका अचूक कापला तर तो बसतच नाही, आणि करवत पुन्हा चालवायला वेळ नसतो.

विशाखापट्टणमचं आयएनएस सातवाहन हे पाणबुडीचं प्रशिक्षण केंद्र 1974 पासूनचं. आण्णांच्या पिढीतले सगळे तिथं तयार झाले. सराव साधारण असा: पाणबुडीच्या कप्प्यासारखी लोखंडी खोली. भिंतीत मुद्दाम पाडलेली भोकं, फुटलेले पाइप, सैल फ्लँज, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकत्या. पोरांना आत घालायचं, दार लावायचं, बाहेरून व्हॉल्व उघडायचे. पाणी कुठून येणार ते आधी सांगत नाहीत. मग दिवे जातात. आवाजाबद्दल सगळेच बोलले, एकही जण त्याला सोडून नाही. पाणी पत्र्यावर आदळण्याचा आवाज एवढा की शेजारचा ओरडतोय ते दिसतं, ऐकू येत नाही. म्हणून कुणी कुठं उभं राहायचं, कुणाच्या हातात काय, हे आधी पाठ करून घेतलेलं असतं. कुणी विचारत बसला की पाणी मांडीवर.

आण्णांचा पहिला सराव फसला. ते आणि त्यांचा जोडीदार दोघं सगळ्यात मोठ्या धारेकडं धावले, आणि छताजवळ बारीक भोकातून येणारं पाणी थेट विजेच्या पेटीवर पडत होतं तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. उस्तादांनी पाणी सोडून दिलं आणि पुन्हा आत घातलं. त्याच दिवशी, ओल्या कपड्यांत. "मोठं भोक नाही बघायचं," आण्णा म्हणतात, "कुठलं भोक आधी मारील ते बघायचं."

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं कागदावर हिशेब मांडून दाखवला. दहा सेंटिमीटर व्यासाचं भोक आणि दहा मीटर खोली धरली तर मिनिटाला साधारण चार टन पाणी आत येतं. तेच भोक शंभर मीटरवर असेल तर बारा टनांच्या वर. उन्हाळ्यात कॉलनीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर मिनिटाच्या आत रिकामा. सरावाच्या खोलीत एवढा दाब नसतो हे उघड आहे. काका म्हणाले, "म्हणूनच तर. तिथं जमलं नाही तर खाली काय जमणार?"

कुरुंदवाडच्या दादांचं प्रशिक्षण मात्र आपल्याकडचं नाही, सोव्हिएत संघातलं. आपल्या पहिल्या पाणबुड्या, नाटोवाले ज्यांना फॉक्सट्रॉट म्हणतात त्या, तिकडच्याच. सुरुवातीच्या तुकड्या तिकडं जाऊन शिकल्या. दादा आता ऐंशी पार आहेत. ते सांगत होते, उस्ताद रशियन, मध्ये दुभाषी. उस्ताद एक लांबलचक वाक्य बोलणार, दुभाषी ते इंग्रजीत आणणार, आणि सावंतवाडीचा एक जण ते बाकीच्यांना मराठी-हिंदीत सांगणार. "तवर पाणी गुडघ्याला. मग आमी उस्तादाच्या हाताकडंच बघाय लागलो. भाषा कशाला पायजे?" पाणी इतकं थंड की पाच मिनिटांनी हातोडी धरलीय का नाही ते बोटांना कळत नव्हतं.

आठवणी जुळत नाहीत, याचीही तयारी ठेवा. एक म्हणतो सराव पूर्ण अंधारात व्हायचा, दुसरा म्हणतो एक बॅटरीचा दिवा असायचा. एक म्हणतो पाणी छातीपर्यंत, दुसरा कमरेपर्यंत. मी दोन्ही ठेवलं. आमच्या एका नातेवाइकानं सल्ला दिला होता की सगळं एकसारखं करून 'थरारक' लिही. असल्या सल्ल्याला फक्त हो म्हणायचं आणि करायचं नाही.

गडहिंग्लजकडच्या काकांकडं मे महिन्यात गेलो. हे इलेक्ट्रिशियन. बॅटरीवर होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पाणबुडीचा शत्रू पाणी. काकांचं म्हणणं, पाणी आणि बॅटरी यांची भेट हा खरा शत्रू. खारं पाणी बॅटरीत गेलं की क्लोरीन वायू तयार होतो. चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो, तो हवेत चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. त्यामुळं पाणी कुठल्या कप्प्यात आलं यावर सगळं ठरतं. त्यांच्या बोटीत (पाणबुडीला ही मंडळी बोटच म्हणतात) सात कप्पे. पुढं टॉर्पेडो, मग दुसऱ्यात आणि चौथ्यात खाली बॅटऱ्या, मध्ये तिसऱ्यात कंट्रोल, पाचव्यात डिझेल इंजिनं, सहाव्यात मोटरी, सातव्यात पुन्हा टॉर्पेडो. हे काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, पण अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि मग दुसऱ्या हातावर, जणू पुढून मागं चालत जातायत.

आणि मग दाराची गोष्ट निघाली. पाणी आलं की त्या कप्प्यातल्या माणसानं आधी काय करायचं? मी म्हटलं, भोक बुजवायचं. काका म्हणाले, "नाही. ओरडून कळवायचं, आणि दार लावायचं."

"म्हणजे बाहेर येऊन?"

"आतून. आपण आतच. दार लावायचं, हवेच्या झडपा बंद करायच्या, मग भोकाकडं वळायचं. पलीकडच्यानं दार उघडायचं नाही, आपण कितीही ठोकलं तरी. वरून हुकूम आला तरच."

पहिल्यांदा पाठ करून घेतात ते हे. पाचर, टेकू, ट्यूब सगळं नंतर. एका कप्प्यात पाणी भरलं तर बोट वर येऊ शकते, दोनात भरलं तर अवघड. म्हणून दार. शेजारच्या कप्प्यातून उच्च दाबाची हवा आत सोडतात, पाण्याला रेटा द्यायला. तेव्हा कानात सुया टोचल्यासारखं होतं, नाक दाबून फुंकत राहायचं आणि काम करत राहायचं.

काकू चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेली. म्हणाल्या, "दार लावलंस आणि भोक बुजलं न्हाई तर?" काका काहीच बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "मला तर म्हणायचास, मशीन दुरुस्त करायचं काम हाय. गॅरेजवानी." ट्रे ठेवून आत गेल्या. मी रेकॉर्डिंग थांबवलं. त्या दिवशी पुढं काही झालं नाही. जेवून निघालो.

दोन आठवड्यांनी काकूंचाच फोन आला, की अजून एकदा या, आणि मला पण बसायचंय. त्या दुसऱ्या बैठकीत निम्मे प्रश्न त्यांनी विचारले आणि ते माझ्या प्रश्नांपेक्षा सरस होते. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगायला लागले, वहिनींना, काकूंना बाहेर बसवू नका. पण आधी त्या माणसाला एकट्याला विचारून घ्या. काही जणांना घरात ते सांगायचं नसतं.

जून-जुलैत काम थांबलं. जुलै 2024 मध्ये पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोळकडचे रस्ते पाण्याखाली गेले आणि कुरुंदवाडच्या दादांची राहिलेली बैठक लांबली. ऑगस्टअखेर गेले तेव्हा घर नुकतंच धुऊन घेतलेलं. 2019 चा महापूर, राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंच, त्यांनी याच घरात काढला होता. मी विचारलं, पाणबुडीचं शिक्षण तेव्हा कामाला आलं का? दादा हसले. "पुराच्या पाण्याला घाई नसती. येतंय ते दिसतं. मी फक्त कुणाला काय उचलायचं ते वाटून दिलं आणि पोरांना म्हटलं, कुणी कुणाला विचारायचं न्हाई, आपापलं उचला."

आता त्या बाईंबद्दल. यजमान गेले 2011 साली. घरात त्यांचा डॉल्फिनचा बिल्ला होता, तो पाणबुडीत पात्र ठरल्यावर मिळतो. पण कुठल्या बोटीवर, कुठल्या साली, काहीच नोंद नव्हती. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, ब्युरो ऑफ सेलर्सकडं असतात. आम्ही अर्ज केला. सोबत डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानांची प्रत, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत, त्यांचं सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, आधार. सगळ्यात महत्त्वाचा यजमानांचा सर्व्हिस नंबर, तो प्रत्येक पानावर लिहायचा. रजिस्टर पोस्टानं पाठवलं आणि पावती जपून ठेवली. बरेच जण लगेच माहिती अधिकाराचा अर्ज करतात. त्याची फी दहा रुपये, तो मार्ग आहेच, पण वारसानं साधा अर्ज केला तरी काम होतं, आधी तो करून बघा. दोन-अडीच महिन्यांत उत्तर आलं. त्यात एका बोटीचं नाव होतं, 'वागली'. ही 1974 ची, फॉक्सट्रॉटमधली सर्वांत शेवटी, डिसेंबर 2010 मध्ये निवृत्त झालेली. बाईंनी ते नाव मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. गडहिंग्लजचे काकाही काही वर्षं त्याच बोटीवर होते. त्यांची गाठ घालून दिली. त्या दोघांचं बोलणं मात्र मी रेकॉर्ड केलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये विशाखापट्टणमला गेलो. आण्णा, राजारामपुरीतले टॉर्पेडोवाले काका, मी आणि भाचा. कोल्हापुरातून एसटीनं सोलापूर आणि तिथून कोणार्क एक्स्प्रेस. म्हाताऱ्या माणसांसाठी थर्ड एसी घेतलं, माणशी दीड हजाराच्या आत आलं. खालचे बर्थ मिळवायचे तर बुकिंग लवकर करा. तिथं रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ठेवलीय. 1969 ची बोट, 2001 ला निवृत्त, 2002 पासून संग्रहालय. सोमवारी बंद असते, इतर दिवशीही वेळ विचारून जा. आम्ही मंगळवारी पहिल्या रांगेत होतो.

आत कप्प्यांमधली दारं म्हणजे गोल भोकं. मी आधी डोकं घातलं आणि खांदा अडकला. आण्णांनी वरची कड दोन्ही हातांनी धरली, आधी एक पाय, मग अंग, आणि पलीकडं उभे. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत नव्हते. तिथले मार्गदर्शक निवृत्त नौसैनिकच. त्यांनी लांबूनच विचारलं, "कौनसी बोट, सर?" त्यानंतर आमची फेरी इतरांपेक्षा बरीच लांबली. पितळी पट्ट्यांवरची रशियन अक्षरं अजून तशीच आहेत.

पुढच्या कप्प्यात टॉर्पेडो नळ्यांची मागची तोंडं दिसतात. काकांनी भाच्याला टेप लावायला सांगितला: 533 मिलिमीटर, म्हणजे 21 इंच. बोट तळाला बसली आणि काहीच उपाय उरला नाही, तर याच नळीतून बाहेर पडायचं. श्वासाचं यंत्र आणि सूट घालून पोटावर सरकत आत, मागचं दार बंद, नळीत पाणी भरणार, दाब बाहेरच्याइतका झाला की पुढचं दार उघडणार. वर जाताना श्वास रोखायचा नाही हे एकच वाक्य त्यांच्याकडून शेकडो वेळा म्हणवून घेतलं होतं. वर जाल तसा बाहेरचा दाब उतरतो, फुफ्फुसातली हवा फुगते. रोखून धरली तर फुफ्फुस फाटतं. पाण्याखाली माणसाला श्वास रोखावासाच वाटतो, म्हणून ती सवय पाण्यानं भरलेल्या उंच मनोऱ्यात सराव करून मोडावी लागते. भाच्यानं विचारलं, मी आत जाऊन बघू का? मार्गदर्शक नाही म्हणाले. काका म्हणाले, बरं झालं. सुटकेच्या सरावासाठी सातवाहनात 'विनेत्र' नावाची नवी सोय डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाल्याचं पेपरात आलं होतं. ती बाहेरून तरी बघू, असा आण्णांचा हट्ट होता. नौदलाच्या तळावर असं जाता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

छापण्याआधी एका गोष्टीची मला खरोखर धास्ती होती. शासकीय गुपिते अधिनियम 1923 निवृत्त माणसालाही लागू आहे. मी ठरवलं होतं, तिकीट काढून 'कुरसुरा'त कुणालाही दिसतं तेवढंच यंत्राबद्दल लिहायचं, बाकी माणसांबद्दल. आज चालू असलेल्या बोटींबद्दल, मोहिमांबद्दल, कुठं किती दिवस होतो याबद्दल एक शब्द नाही. तरीही हस्तलिखित एका निवृत्त कमांडर साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी तीन आठवडे ठेवलं आणि लाल पेनानं काही ओळी मारून परत दिलं. कारण विचारलं नाही, ओळी काढल्या. प्रत्येकाला त्याचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं आणि साध्या कागदावर संमतीची सही घेतली. मोठ्यानं वाचा, नुसतं पानं देऊन सही मागू नका. दोघांनी वाचताना काही काढायला सांगितलं आणि एकानं भर घातली.

'सिंधुरक्षक' पाणबुडीवर एक पान आहे. 14 ऑगस्ट 2013, मुंबईच्या गोदीत स्फोट, 18 जण गेले. यावर कुणीच नीट बोललं नाही. टॉर्पेडोवाले काका म्हणाले, "भोक असेल तर बुजवू. तिथं काय करणार?" त्या सकाळी हे सगळे एकमेकांना फोन करत होते, कुणाचं ओळखीचं पोर आहे का विचारत. तेवढंच लिहिलं.

खर्चाचं सांगते, कारण तेच कुणी सांगत नाही. टायपिंग आणि पानांची जुळणी पानाला 45 रुपये. छपाई आणि बांधणी प्रतीमागं साधारण 85, मुखपृष्ठ रंगीत धरून. म्हणजे छापखान्यातला खर्च एकवीस-बावीस हजार, प्रवास वेगळा. वर्गणी सातही घरांतून आली. त्या बाईंनीही दिली, नको म्हटलं तरी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घ्यायचा का, असं प्रेसवाल्यांनी विचारलं. तो फुकट मिळतो, पण घरगुती वाटपासाठी गरज नव्हती. शुद्धलेखन तपासायला पतसंस्थेतल्या एका निवृत्त बाईंनी मदत केली. 'पाणबुडी' कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ असा घोळ त्यांनीच निस्तरला. टेकूची चित्रं काकांनी स्वतः पेन्सिलीनं काढून दिलीत, मापांसकट.

ऑडिओ फाइल तीन ठिकाणी ठेवल्यात: माझ्याकडं, भाच्याकडं आणि ज्याचं त्याच्या मुलाकडं पेनड्राइव्हवर. फाइलला तारीख आणि गाव हेच नाव द्या. 'आण्णा नवीन', 'आण्णा फायनल' असली नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाहीत.

प्रती वाटून झाल्यावर आण्णांची तक्रार आली की जेवणाबद्दल काहीच नाही. इंजिनाच्या उष्णतेवर कपडे वाळवायचे ते नाही, आंघोळीला पाणी नसायचं ते नाही. मी म्हटलं, तुम्ही पाचरीवरच बोललात. तर आता रविवारी सकाळी परत पंखा बंद करून बसायचं ठरलंय. कागलचे सोनारवाले काकाही येणार आहेत, फक्त त्यांचा उजवा कान धरून बोलायला लागतं.